एओटीचे उलटे मायसेल दाबाखाली गढूळ होतात: खरा परिणाम कोणता, मांडणीचा दोष कोणता?

गोदाकाठ_नांदेड

नमस्कार. एओटी हा साबणासारखा सर्फॅक्टंट तेलासारख्या द्रावकात पाण्याचे नॅनोमीटरभर थेंब धरून ठेवतो, त्यांनाच उलटे मायसेल म्हणतात. त्यांच्यावर दाब वाढवला की काय होतं ते यूव्ही-व्हिजिबलवर (प्रकाशाचं शोषण मोजणाऱ्या यंत्रावर) बघायलोय आणि तीन ठिकाणी अडकलोय.

एओटी ०.१ मोलर आहे. द्रावक दोन वापरले, आयसोऑक्टेन आणि सायक्लोहेक्सेन. डब्ल्यू-नॉट (पाण्याचे मोल भागिले एओटीचे मोल) १०, २० आणि ३०. रंग मिथिल ऑरेंज, तो पाण्यातूनच घातलाय. बाहेरचं भांडं स्टीलचं, सफायरच्या खिडक्यांचं, २०० मेगापास्कलपर्यंत चालणारं. आत दीड मिलिलिटरची क्वार्ट्झची कुपी आणि तिला टेफ्लॉनचा सरकता दट्ट्या. दाब वाहून नेणारं द्रव म्हणजे डिस्टिल्ड पाणी, पंप हाताने फिरवायचा स्क्रूचा. दर पायरी २० मेगापास्कलची, पायरीनंतर दोन मिनिटं थांबून स्पेक्ट्रम. खोलीचं तापमान २६ अंश.

सायक्लोहेक्सेनचा नमुना ४० मेगापास्कलला एकदम पांढरा पडतो आणि दाब सोडला की परत स्वच्छ होतो. आयसोऑक्टेनमध्ये डब्ल्यू-नॉट १० ला गढूळपणा अजिबात नाही, पण शोषण हळूहळू चढतं. १०० मेगापास्कलला ते ८-९ टक्के जास्त भरतं. आयसोऑक्टेनमध्येच डब्ल्यू-नॉट ३० ला ८० मेगापास्कलच्या पुढे धुरकटपणा येतो, आणि तो दाब सोडल्यावरही जात नाही. कुपी बाहेर काढून हलवली की मात्र जातो.

यातून मायसेल फुटले असं म्हणायचं, की पाणी बाहेर फेकलं गेलं असं?

दाबमापी

दोन्ही म्हणू नका. तीनपैकी दोन गोष्टींचा मायसेलशी संबंधच नाही, आणि तिसरीत मला गळतीचा संशय आहे.

सायक्लोहेक्सेन गोठतंय, बाकी काही नाही. त्याचा गोठणबिंदू साध्या दाबाला ६.५ अंश आहे आणि दर मेगापास्कलला तो साधारण अर्ध्या अंशाने वर चढतो. २६ अंशांवर हिशोब केला तर ३५ ते ४० मेगापास्कलला घन होणारच. पांढरं दिसतं ते स्फटिकांमुळे. शुद्ध सायक्लोहेक्सेन, ना एओटी ना पाणी, त्याच कुपीत घालून दाबून बघा. तेही त्याच ठिकाणी पांढरं होईल. हे द्रावक दाबाच्या कामातून काढूनच टाका. बेंझीनची तीच गत, ते २५ अंशांवर ७० मेगापास्कलच्या आसपास गोठतं. डेकेन २५० ते ३०० पर्यंत टिकतं. हेप्टेन आणि आयसोऑक्टेनला तुमच्या २०० च्या मर्यादेत गोठायची भीती नाही.

चढणारं शोषण म्हणजे आकुंचन. आयसोऑक्टेन १०० मेगापास्कलला साधारण ९ टक्के आटतं, पाणी जेमतेम ४ टक्के. क्वार्ट्झची कुपी जवळपास आहे तशीच राहते, म्हणजे प्रकाशाची वाट तेवढीच आणि त्या वाटेत रेणू मात्र ९ ते १० टक्के जास्त. ०.५०० चं शोषण ०.५४५ ते ०.५५० व्हायलाच हवं. नाही झालं तर उलट काळजी करा. टेटचं समीकरण (दाबावरून द्रवाचं आकारमान देणारं) वापरून प्रत्येक दाबाला आकारमान काढा (हायड्रोकार्बनसाठी त्यातला सी हा स्थिरांक साधारण ०.२ धरतात) आणि शोषण त्याने दुरुस्त करून मगच आलेख काढा. डब्ल्यू-नॉट ३० च्या नमुन्यात आकारमानाने ५ टक्के पाणी आणि ४ टक्के एओटी असतं, म्हणून तिथे दुरुस्ती किंचित कमी लागते. मिथिल ऑरेंजच्या बाबतीत उंचीपेक्षा शिखराची जागा, म्हणजे ते कोणत्या तरंगलांबीला येतं ते, बघा. ती आकुंचनाने सरकत नाही. सरकली तर रंगाभोवतीचं वातावरण खरंच बदललंय.

आता तिसरी गोष्ट. दाब द्यायला पाणी आणि दट्ट्या टेफ्लॉनचा, ही जोडी पाण्याच्या मायसेलसाठी सगळ्यात वाईट. १०० मेगापास्कलला क्वार्ट्झ पाव टक्का आटतं, टेफ्लॉन काही टक्के. साध्या दाबाला घट्ट बसणारा दट्ट्या वर गेल्यावर सैल होतो. शिवाय टेफ्लॉनमध्ये १९ अंशांजवळ स्फटिकरचना बदलते आणि आकारमान साधारण एक टक्क्याने बदलतं. दाबाखाली ते तापमान वर सरकतं, म्हणजे तुमच्या खोलीच्या तापमानालाच वाटेत ती उडी लागते. फटीतून पाणी आत येतं.

किती पाणी लागतं याचा हिशोब करा, मग धक्का बसेल. दीड मिलिलिटरमध्ये ०.१ मोलर म्हणजे एओटी ०.१५ मिलिमोल. डब्ल्यू-नॉट एकने वाढवायला तेवढंच पाणी पुरतं, म्हणजे २.७ मायक्रोलिटर. डोळ्याला दिसणारही नाही इतका थेंब.

आणि तुमचं लक्षणही तेच सांगतं. आत आलेलं पाणी दट्ट्याजवळ सुटं राहतं, कुपीत ढवळणारं काही नाही म्हणून धुरकट दिसतं. आयसोऑक्टेनमध्ये खोलीच्या तापमानाला एओटी ३० च्या दुपटीएवढं डब्ल्यू-नॉटसुद्धा पेलतं, त्यामुळे कुपी हलवली की ते पाणी मायसेल पिऊन टाकतात आणि द्रावण स्वच्छ होतं. मात्र दाबाने मायसेलमधलंच पाणी बाहेर पडलं असतं तरी हलवल्यावर ते असंच आत गेलं असतं. म्हणून नुसतं बघून निकाल देता येत नाही. कार्ल फिशर (पाण्याचं प्रमाण मोजणारी चाचणी) करा, प्रयोगाआधी आणि नंतर. पाणी बाहेर फेकलं गेलं असेल तर एकूण पाणी तेवढंच राहील. गळती असेल तर वाढेल. तिचं कूलोमेट्रिक (अगदी थोडं पाणी मोजणारं) यंत्र असेल तर २० मायक्रोलिटरपेक्षा जास्त टोचू नका, डब्ल्यू-नॉट ३० ला तेवढ्यातच एक मिलिग्रॅमच्या वर पाणी असतं.

उपाय सोपा: दाब द्यायलाही आयसोऑक्टेनच वापरा. मग गळती झाली तरी नमुना पातळ होतो, डब्ल्यू-नॉट बदलत नाही; आणि ती पकडताही येते, कारण दाब शून्यावर आणल्यावर शोषण मूळ आकड्यापेक्षा कमी भरतं. आयसोऑक्टेन पाण्यापेक्षा जास्त दबतं, त्यामुळे पंपाला फेरे बरेच जास्त लागतील. कुठे गळतंय असं वाटून नट आवळत बसू नका.

दोन मिनिटं थांबणंही अपुरं आहे. दाबल्यावर द्रव तापतं: पाणी १०० मेगापास्कलला २-३ अंश, तेलासारखी द्रावकं ६ ते ९ अंश. वीसच्या पायरीला दीड अंश धरा. दहा मिनिटं थांबा, गढूळ होण्याच्या सीमेजवळ अर्धा तास.

बालाघाट

दाबमापींनी दोष काढून टाकले, ते झाल्यावर जे उरेल त्याबद्दल लिहितो. कारण उरतं, आणि ते मजेशीर आहे.

"दाबाने मायसेल स्थिर होतात की अस्थिर" हा प्रश्नच अर्धा आहे. द्रावक कोणतं ते सांगितल्याशिवाय त्याला उत्तर नाही.

थेंब (म्हणजे मायसेल) एकमेकांना कसे चिकटतात ते आधी बघा. प्रत्येक थेंबाभोवती एओटीच्या फांद्या असलेल्या शेपट्यांचं आवरण असतं. दोन थेंब जवळ आले की शेपट्या एकमेकींत घुसतात. मधे द्रावकाचे रेणू शेपट्यांत नीट मुरलेले असतील तर ही ओढ कमी राहते. हेप्टेन, आयसोऑक्टेन यांचे रेणू शेपट्यांच्या बेताचे आहेत, म्हणून एओटीला ती मानवतात. डेकेन, डोडेकेन लांब पडतात. शेपट्यांत मुरण्यापेक्षा बाहेर एकमेकांत राहणं त्यांना बरं वाटतं, त्यामुळे थेंबांची आपसातली ओढ वाढते. दुसऱ्या टोकाला इथेन आणि प्रोपेन. ते इतके विरळ की शेपट्यांना धरून ठेवण्याइतकी त्यांची घनताच नाही, म्हणून तिथेही थेंब एकमेकांना बिलगतात. कारणं उलटी, परिणाम एकच.

आता दाब द्या. प्रोपेनमध्ये घनता वाढते, द्रावक शेपट्यांना जास्त मानवतं, ओढ कमी होते, आणि डब्ल्यू-नॉटची कमाल मर्यादा वर जाते. १९८७ मध्ये गेल, फुल्टन आणि स्मिथ यांनी सुपरक्रिटिकल (क्रांतिक तापमान आणि दाबाच्या पुढच्या) द्रवांत उलटे मायसेल दाखवले, तेव्हापासून हा धागा चालत आलाय. डेकेनमध्ये नेमकं उलटं होतं. शेपट्या दाटीने बसतात, त्यांच्यातलं द्रावक पिळून निघतं, आवरण ताठ होतं आणि शेजारच्या थेंबाच्या शेपट्यांशी ओढ वाढते. दाब चढत गेला की एकच स्वच्छ द्रावण दोन भागांत फुटतं, एक थेंबांनी दाट आणि एक विरळ.

तापमान वाढवलं तरी डेकेनमध्ये फुटतंच, म्हणून बरेच जण दाब आणि तापमान एकाच मापात मोजतात. तिथे चूक होते. तापवल्यावर आवरण लवचिक होतं, दाबल्यावर ताठ. न्यूट्रॉन स्पिन-एको या (आवरणाची हालचाल दाखवणाऱ्या) पद्धतीच्या मोजमापांत हे दोन परिणाम उलट दिशेला दिसले आहेत. शेवटचं चित्र सारखं दिसतं एवढंच.

आयसोऑक्टेन दोन्हींच्या मधलं, म्हणून १०० मेगापास्कलच्या आत तिथे फार नाट्य घडत नाही. तुम्हाला दाबाचा परिणाम दाखवायचाच असेल तर डेकेन घ्या, डब्ल्यू-नॉट ३०-४० ठेवा आणि थेंबांचं प्रमाण वाढवा. वाहकता मोजता आली तर उत्तमच: थेंब साखळीने जोडले जाऊ लागले की ती हजार ते दहा हजार पट उसळते, आणि ही उडी गढूळपणाच्या आधी दिसते.

आणि "मायसेल फुटले" हा शब्द जपून वापरा. थेंब एरवीही सतत एकमेकांवर आदळून आतला माल अदलाबदल करत असतात. अदलाबदलीचा वेगस्थिरांक दर मोलरला, दर सेकंदाला १० चा ६ वा ते ८ वा घात असतो, म्हणजे हजारो टकरींतली एखादीच फळते. दाबाने बहुधा ही टक्कर फळण्याचं प्रमाण बदलतं. थेंब नाहीसा होत नाही.

तेरणा_लातूर

एओटी कुठल्या बाटलीतलं आणि वाळवलं होतं का, हे कुणी विचारलंच नाही.

एओटी हवेतलं पाणी ओढतं. नुसत्या दीड टक्का ओलाव्याने डब्ल्यू-नॉट ०.३७ ने वाढतं. डब्ल्यू-नॉट ३० ला ते चालून जाईल, पण २-३ वर काम करताना सगळे आकडे बिघडतात. जून-जुलैत बाटली उघडी ठेवून वजन करणं म्हणजे तर बोलायलाच नको. मिथेनॉलमध्ये विरघळवा, सक्रिय कोळसा घालून गाळा, रोटाव्हेपवर (निर्वातात द्रावक उडवणाऱ्या फिरत्या यंत्रावर) मिथेनॉल उडवा, मग निर्वातात ५० अंशांवर फॉस्फरस पेंटॉक्साइडसोबत दोन दिवस. मेणासारखा गोळा बोटांना ओलसर लागला तर अजून झालेलं नाही.

जुन्या एओटीत एस्टर तुटून २-एथिलहेक्झेनॉल आणि आम्ल तयार होतं. अल्कोहोल आवरणात शिरून डब्ल्यू-नॉटची मर्यादा सरकवतं, आणि आम्लाने मिथिल ऑरेंज लाल होतो. ५२० नॅनोमीटरजवळ खांदा (शिखराच्या बाजूचा फुगवटा) दिसला तर तो दाबाचा परिणाम म्हणून लिहू नका, आधी साध्या दाबाचाच स्पेक्ट्रम बघा.

मोजमापं: २५ मिलिलिटर ०.१ मोलरसाठी एओटी १.११ ग्रॅम. डब्ल्यू-नॉट १० ला पाणी ०.४५ मिलिलिटर, २० ला ०.९०, ३० ला १.३५. ओलावा यातून वजा करा. पाणी एका दमात ओतलं की आधी दुधासारखं होतं. ५० मायक्रोलिटरच्या हप्त्यांनी घालून प्रत्येक वेळी स्वच्छ होईपर्यंत हलवा. कुपी भरताना बुडबुडा राहू देऊ नका. दाबाखाली ती हवा द्रावकात विरघळते आणि दाब सोडला की फेसासारखी बाहेर येते. तेव्हाचा धुरकटपणाही फसवतो.

पाण्यात बफर घालणार असाल तर फॉस्फेट टाळा. दाबाने त्याचं आयनीभवन वाढतं. १०० मेगापास्कलला त्याचा पीके (आम्ल किती सहज आयनित होतं त्याचा आकडा) साध्या पाण्यात साधारण ०.४ ने उतरतो, थेंबाच्या आत तर तो आकडाही धरवत नाही. ट्रिस हा बफर दाबाला जवळपास दाद देत नाही, पण तापमानाला फार हळवं आहे, दर अंशाला ०.०३ च्या जवळ. म्हणजे दाबल्यावरची उष्णता ओसरेपर्यंत थांबणं आलंच.

तापमानाचं बोलायचं तर आपल्याकडे मे महिन्यात लाईट गेली की खोली ४० अंशांना टेकते. नुसतं "खोलीचं तापमान" असं लिहिलेल्या आकड्यांना मग काही अर्थ राहत नाही. भांड्याभोवती पाण्याचं कवच आणि फिरतं थर्मोस्टॅट असू द्या, आणि तापमापी पंपावर न लावता भांड्याच्या अंगात, खिडकीच्या जवळ बसवा.

गोदाकाठ_नांदेड

दाबमापी सर, गळतीच निघाली. डब्ल्यू-नॉट ३० चा नमुना १२० मेगापास्कलपर्यंत नेऊन परत आणला, हलवून कार्ल फिशर केलं तर ३४ च्या जवळ आलं. म्हणजे ११ मायक्रोलिटर पाणी आत. दाब द्यायला आयसोऑक्टेन घेतल्यावर १५० पर्यंत धुरकटपणा नाही. शुद्ध सायक्लोहेक्सेन ३८ ला पांढरं झालं.

तेरणाताई, ५२० चा खांदा होता. एओटी कोळशातून काढल्यावर गेला.

आता तीन शंका. पंपाच्या ओ-रिंग (गळती रोखणाऱ्या रबरी कड्या) नायट्राइलच्या आहेत, आयसोऑक्टेनला चालतील का? डेकेनचा नमुना डीएलएसवर (विखुरलेल्या प्रकाशावरून कणांचा आकार काढणाऱ्या यंत्रावर) दाबाखाली मोजला तर आकार मिळेल का? आणि प्रोपेनमध्ये उलटा परिणाम दाखवायचा तर एलपीजी वापरता येईल का?

दाबमापी

नायट्राइल चालेल, थोडी फुगेल. व्हिटॉन मिळाल्या तर त्याच घाला. ईपीडीएम मात्र चुकूनही नको, अल्केनमध्ये ती इतकी फुगते की खाचेतून बाहेर येते. सिलिकॉनही नको. खूण पटत नसेल तर तुकडा रात्रभर आयसोऑक्टेनमध्ये टाका आणि सकाळी वजन करा. आणि एक: आता पंपात पाणी नाही, पेटणारं द्रव आहे. खाली ट्रे ठेवा, हीटर आणि ठिणगी देणारं स्विच दूर.

डीएलएसचा आकार मिळेल, पण फुकट मिळणार नाही. यंत्र मोजतं विसरणाचा वेग, म्हणजे थेंब द्रावकात किती झपाट्याने इकडेतिकडे भटकतात ते. आकार काढायला द्रावकाची श्यानता लागते, आणि ती दाबाने खूप बदलते. आयसोऑक्टेनची २५ अंशांवर ०.४७ मिलिपास्कल-सेकंद आहे, १०० मेगापास्कलला ती दुपटीच्या वर जाते. सॉफ्टवेअरमध्ये साध्या दाबाचा आकडा राहिला तर थेंब दुप्पट फुगलेले दिसतील आणि तुम्ही आनंदाने पेपर लिहायला घ्याल. अपवर्तनांकही त्या त्या दाबाचा घाला. शिवाय सीमेजवळ थेंबांची ओढ वाढली की विसरण मंदावतं, थेंब तेवढाच असला तरी. म्हणून डीएलएसने "आकार वाढला" असं एकट्याने सिद्ध होत नाही.

अपेक्षित आकार मनात असू द्या: आतल्या पाण्याची त्रिज्या नॅनोमीटरमध्ये साधारण ०.१७ गुणिले डब्ल्यू-नॉट. ३० ला ५ नॅनोमीटर, त्यावर शेपट्यांचं एक-सव्वा. साध्या दाबाला याच्या आसपास आकडा आला नाही तर दाब द्यायची घाई नको.

एलपीजी नको, दोन कारणांनी. त्यात प्रोपेन आणि ब्यूटेन मिसळलेले असतात, प्रमाण दर सिलिंडरला वेगळं, आणि वासासाठी मर्कॅप्टन घातलेलं असतं. घनता माहीत नसलेल्या मिश्रणात घनतेचा परिणाम मोजणार तरी कसा? दुसरं कारण सुरक्षेचं. द्रव दाबलेलं भांडं गळलं तर पिचकारी उडते आणि दाब क्षणात उतरतो. दाबाखालचं प्रोपेन गळलं तर ते कित्येक पट फुगून खोलीभर पसरतं आणि हवेपेक्षा जड असल्याने ओट्याखाली साचतं. तुमचं भांडं द्रवासाठी तपासलंय, गॅससाठी नाही. ओ-रिंगसुद्धा गॅस पितात आणि दाब झपकन सोडला की आतून फाटतात.

बालाघाट

इथेनचा विचार मनात असेल तर तोही आताच काढा. त्याचं क्रांतिक तापमान ३२.२ अंश. तेरणाताईंच्या ४० अंशांच्या खोलीत ते कितीही दाबलं तरी द्रव होणार नाही. प्रोपेनचं ९६.७ आहे, म्हणून ते सोपं, पण शुद्ध वायू आणि त्याच्यासाठी तपासलेलं भांडं लागेल. कार्बन डायऑक्साइड स्वस्त आणि निर्धोक वाटतो, पण एओटी त्यात जवळपास विरघळतच नाही. १९९६ मध्ये त्यात पाण्याचे थेंब धरून ठेवले गेले ते फ्लोरिनवाल्या सर्फॅक्टंटने.

सध्या डेकेनवरच थांबा. डब्ल्यू-नॉट ४० चा एकच साठा करा, त्यातून थेंबांची दोन-तीन प्रमाणं, डेकेनने पातळ करून. प्रत्येकाचं साध्या दाबाला गढूळ होण्याचं तापमान आधी शोधा, अंशाअंशाने तापवत. मग त्या तापमानाच्या दहा, पाच आणि दोन अंश खाली उभं राहून दाब चढवा, दहाच्या पायऱ्यांनी. सीमेच्या जितकं जवळ उभं राहाल तितक्या कमी दाबाला गढूळ झालं पाहिजे. चढताना आणि उतरताना एकाच दाबाला उलटलं, न हलवता, तर तो मायसेलचा परिणाम. नाही उलटलं तर आधी परत कार्ल फिशर.

आतल्या थेंबाचा खरा आकार आणि त्यांची ओढ वेगवेगळी बघायची तर लहान कोनाचं न्यूट्रॉन विकिरण लागतं. तुर्भ्याच्या ध्रुव अणुभट्टीवर ती सोय आहे आणि विद्यापीठांतल्या लोकांना यूजीसी आणि अणुऊर्जा विभाग (डीएई) यांच्या संयुक्त संशोधन संस्थेच्या मुंबई केंद्रामार्फत अर्ज करता येतो. दाबाचं भांडं मिळेल का ते अर्जाआधीच विचारून घ्या. तिथे साध्याऐवजी जड पाणी घालावं लागेल आणि त्याने गढूळ होण्याचं तापमान थोडं सरकतं, म्हणून सीमारेषा जड पाण्यात इथेच पुन्हा मोजून न्या.

गोदाकाठ_नांदेड

डेकेन मागवलंय. मिळेपर्यंत क्वार्ट्झचाच दट्ट्या घासून बसवता येतो का ते वाळूजच्या एका काचकाम करणाऱ्याला विचारतो. फट किती ठेवायला सांगू?

दाबमापी

आकडा सांगू नका. दट्ट्या आणि कुपी दोन्ही त्याच्याकडेच द्या आणि एकमेकांत घासून जोडीने बसवायला सांगा. कोरडा दट्ट्या स्वतःच्या वजनाने हळूहळू खाली उतरला, अडकला नाही, धाडकन पडलाही नाही, म्हणजे जमलं. दट्ट्याची आणि कुपीची जोडी बदलू नका, दोन्हींवर एकच खूण कोरून घ्या.